पूर्ण झालेली टाकी

आमच्या शिक्षणसंस्थेला पन्नासावे वर्ष लागले आणि तिला योजना झाली. उतारवयात माणसाला मधुमेह होतो, संस्थांना योजना होते. फरक एवढाच, की मधुमेहाचे पथ्य ज्याला रोग झाला त्याने पाळायचे असते, योजनेचे इतरांनी.

संस्थेची हायस्कुले कृष्णाकाठच्या उसाच्या गावांपासून जतच्या पलीकडे कर्नाटकाला टेकलेल्या माळापर्यंत पसरली होती. पाच वर्षांत प्रत्येक शाळेला स्वतःची इमारत, स्वतःचे पाणी, प्रयोगशाळा, आणि गरज असेल तिथे मुलींचे वसतिगृह, असा मनसुबा होता. त्यात वाईट काहीच नव्हते. ज्या वृद्ध शिक्षकाने ती योजना लिहिली त्याने शेवटी एक शहाणपणाचे कलमही घातले होते: काम किती झाले हे मंडळाने वरचेवर पाहावे, आणि पाहायचे ते शाळेत जाऊन. योजना छापून येण्याआधीच ते गृहस्थ वारले. त्यामुळे ‘पाहणे’ या शब्दाचा अर्थ त्यांना विचारण्याची सोय राहिली नाही.

मी तेव्हा सांगलीच्या हायस्कुलात मराठी आणि इतिहास शिकवत होतो. माझे अक्षर बरे होते आणि मी पुस्तके वाचतो असा बोभाटा होता, म्हणून नियामक मंडळाने मला आढावा समितीचा चिटणीस केले. समितीत बोलणारी माणसे दोन. एक अध्यक्ष. ते हळदीचे अडते, आणि सगळी पेठ त्यांना अण्णा म्हणे. दुसरे सुभेदारसाहेब, साताऱ्याकडचे, फौजेतून निवृत्त होऊन उपाध्यक्ष झालेले. उरलेले सभासद माना हलवत, आणि त्या कामात त्यांचा हातखंडा होता.

अण्णा माणूस वाईट नव्हते. कोणाच्या पोराची फी अडली तर ते खिशात हात घालत आणि त्याची वाच्यता करत नसत. पण त्यांनी आयुष्यभर हळद पाहिली होती. पोत्यात पोकळ सळई खुपसायची, चार हळकुंडे तळहातावर घ्यायची, एक मोडून आतला रंग बघायचा आणि शंभर पोत्यांचा भाव सांगायचा. शाळाही ते तशाच पाहत. वर्गात शिरत, एका पोराला उभे करत, दोन प्रश्न विचारत आणि बाहेर येऊन म्हणत, “माल चांगला आहे.” हळकुंड पाहुणे येणार म्हणून स्वतःला रंगवून घेत नाही, हा शाळा आणि हळद यांच्यातला भेद त्यांच्या ध्यानात आला नव्हता.

सुभेदारसाहेबांनी आढाव्याला फौजी शिस्त आणली. सांगलीच्या कार्यालयात त्यांनी भिंतभर लाकडी फळा करून घेतला. एका बाजूला शाळांची गावे, वरच्या बाजूला योजनेची कलमे, आणि प्रत्येक चौकटीत एक खिळा. काम बाकी असेल तर खिळ्याला पत्र्याचा लाल बिल्ला, समितीने जाऊन डोळ्यांनी पाहिले की हिरवा. बिल्ला बदलताना सगळे उभे राहत आणि टाळ्या वाजत. पहिल्या वर्षी मी विचारले, “साहेब, एखादं काम झालं आणि पुढं मोडलं, तर हिरव्याचा लाल करायचा का?”

सुभेदारसाहेबांनी माझ्याकडे दयेने पाहिले. “मास्तर, घेतलेली चौकी आपण होऊन सोडायची नसते.”

“पण चौकीत माणसंच उरली नसली तर?”

“तर ते शत्रूला कळू द्यायचं नसतं,” ते म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. उत्तर हजरजबाबी होते.

दौरे सुरू झाले. कराडकडच्या एका शाळेत लेझीम, फेटे आणि सूक्ष्मदर्शक यंत्र. पुढच्या आठवड्यात नदीपलीकडच्या शाळेत लेझीम, फेटे आणि पुन्हा सूक्ष्मदर्शक यंत्र. दोन्ही यंत्रांच्या पायाला एकाच जागी निळ्या रंगाचा ठिपका होता. मी तो अण्णांना दाखवला. ते खाली वाकून बघत राहिले आणि म्हणाले, “कंपनीची खूण असंल.” पंगतीत बासुंदी होती. दोन्ही शाळांचे बिल्ले हिरवे झाले.

इथपर्यंत हे सारे विनोदी होते. मग दुष्काळ पडला.

जतच्या पलीकडच्या आमच्या शाळेत मुलींचे वसतिगृह होते. तीन खोल्या आणि एक पत्र्याची पडवी. राहणाऱ्या मुली बहुतेक मेंढपाळांच्या. दिवाळी झाली की त्यांचे आईबाप मेंढरे घेऊन कृष्णाकाठाला उतरत ते पावसाच्या तोंडाला परतत. पूर्वी मुलीही मागोमाग जात आणि शाळा तिथेच संपे. वसतिगृह झाल्यापासून त्या मागे राहू लागल्या होत्या. ते उभे केले होते तिथल्या मुख्याध्यापकांनी. मूळचे नदीकाठचे, बदलीवर आले आणि राहिले. मुली घरी कानडी बोलत म्हणून ते कानडी शिकले. त्यांची पत्नी मुलींच्या भाकरी थापी.

शाळेच्या आवारात संस्थेने विहीर खणली होती आणि शेजारी सिमेंटची टाकी बांधली होती. विहीर खडकाला लागली आणि थांबली. पहिल्या वर्षी थोडे पाणी आले, दुष्काळात तळाचा खडक दिसू लागला. वसतिगृहासाठी संस्था टँकर पाठवत असे. पण योजनेत लिहिले होते की शाळेचे स्वतःचे पाणी झाले की टँकर बंद. टाकी तर झाली होती. आता समितीने ती पाहायची, एवढेच बाकी होते.

दौऱ्याच्या आधी मुख्याध्यापक सांगलीला कार्यालयात आले. शिपायाने पाण्याचा पेला पुढे केला. त्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला आणि हलकेच खाली ठेवला.

“टाकी झाली का?” सुभेदारसाहेबांनी विचारले.

“झाली, साहेब. पाणी नाही.”

“मी टाकीचं विचारलं.”

“टाकी झाली.”

“मग?”

“साहेब, टँकर थांबला तर वसतिगृह चालत नाही. मुली मेंढरांमागं जातील.”

अण्णा मध्ये पडले. “अहो, आम्ही येतोच आहोत की. डोळ्यांनी बघू. कोरडी असली तर कोरडी म्हणू. त्यात काय?”

मुख्याध्यापक जिना उतरताना मला म्हणाले, “तुम्ही त्यांना फक्त टाकीपर्यंत आणा. भाषणाआधी. झाकण उघडलं की काम झालं.” त्यांना खरोखरच हायसे वाटले होते. पाहायला येणाऱ्या माणसाला दिसेल, हा त्यांचा विश्वास होता. शिक्षकाला असे काही विश्वास लागतात, त्याशिवाय फळ्याकडे तोंड करून उभे राहता येत नाही.

ठरल्या दिवशी आम्ही जीपने निघालो. कवठे महांकाळच्या पुढे उन्हाचा रंगच बदलला. ज्वारीच्या रानात धाटेसुद्धा उरली नव्हती. रस्त्याकडेला खडी फोडणाऱ्या बायका होत्या. जीप पाहून कोणी मान वर केली नाही. जतच्या स्टँडवर मुख्याध्यापक आम्हाला घ्यायला उभे होते. ते पहाटेच्या एसटीने आले होते, आणि त्यामुळेच सकाळी गावात काय घडले ते त्यांना ठाऊक नव्हते.

शाळेच्या फाटकाशी गाव जमले होते. पुढे शाळेच्या स्थानिक समितीचे प्रमुख, गावातले एक वयस्क मेंढपाळ, डोक्याला नवा लाल फेटा. हलगी वाजत होती. मुख्याध्यापकांनी सांगितल्याप्रमाणे मी म्हणालो, “अण्णा, आधी टाकी बघू.”

“बगा की! आमी तेच म्हनतो, आदी टाकी बगा!” म्हातारबा पुढे होऊन चालू लागले. मुख्याध्यापकांनी माझ्याकडे पाहिले. गावाने एवढ्या हौसेने रिकामी टाकी दाखवावी याचे त्यांनाही नवल वाटले असावे.

टाकीला आंब्याच्या डहाळ्यांचे तोरण होते. दोघा गड्यांनी झाकण सरकवले. आत काठापासून हातभर खाली पाणी होते. स्वच्छ, गार, हलणारे. त्यात तोरणाची सावली पडली होती.

अण्णांनी बाही वर सारली, हात आत बुडवला, ओंजळीत पाणी घेऊन पाहिले, जसे हळकुंड पाहत तसे. “भरलीय की हो!”

“मंग?” म्हातारबा म्हणाले. “पावन्याला रिकामी टाकी दावायची व्हय?”

मुख्याध्यापकांचा चेहरा मी पाहिला. पाणी दिसल्यावर एखाद्याचा चेहरा एवढा कोरडा पडलेला मी पुन्हा पाहिला नाही.

त्या भागात मुलगी दाखवायची असली की शेजारणीच्या पाटल्या तिच्या हातात घालतात. पाहुणे गेले की पाटल्या परत. यात कोणी कोणाला फसवले असे मानत नाही, घराची अब्रू ही गल्लीची अब्रू असते. संस्थेचे अध्यक्ष टाकी पाहायला येणार हे कळल्यावर गावाने तेच केले होते. सरकारी टँकरमधून घराघराला जे पाणी मिळे त्यातली एकेक घागर प्रत्येक घराने सकाळी आणून टाकीत ओतली होती. ज्यांच्या घरात तान्ही मुले होती त्यांनीही.

मुख्याध्यापक गप्प बसले नाहीत. पाहुण्यांसमोर, गावासमोर ते स्पष्ट म्हणाले, “अण्णा, हे पाणी विहिरीचं नाही. विहीर कोरडी आहे. हे गावानं ओतलेलं दिसतंय.”

हलगी थांबली. म्हातारबांची मान ताठ झाली. “आवं हेडमास्तर, काय बोलता? गावानं वतलं म्हंजी काय चोरी केली? साळा गावाची न्हाई व्हय?”

“तसं नाही हो, बाबा. पण यांना वाटंल—”

“काय वाटायचं त्ये वाटू द्या. आमी तोंड काळं न्हाई केलं.”

आणि अण्णांचे डोळे भरून आले. मी हे चेष्टेने लिहीत नाही, खरोखरच आले. त्यांनी म्हातारबांचे दोन्ही हात धरले. “हेच! हेच आपल्याला पाहिजे होतं! सुभेदारसाहेब, बघा. घागरीघागरीनं गावानं शाळेची टाकी भरली. जिथं गाव असं उभं आहे तिथं विहिरीचं काय घेऊन बसलात?”

मुख्याध्यापकांनी खरे सांगितले होते, आणि ते खरे गावाच्या पुण्याईत जमा झाले. खोटे बोलले असते तर निदान कोणाला संशय आला असता.

वर्गात अण्णांनी नेहमीप्रमाणे एका मुलीला उभे केले. आठवीतली, सडपातळ, रुंद कपाळाची, डोळ्यात डोळे घालून बघणारी. सातचा पाढा तिने घडाघड म्हटला. अण्णा खूश झाले. “शाब्बास! सांग, तुला काय पाहिजे?”

“आंगूळ,” ती म्हणाली.

सगळा वर्ग खदखदला. सुभेदारसाहेबही हसले. “अगं, टाकी भरलीय की तुझ्या दारात. कर आंघोळ!”

तिने त्यांच्याकडे पाहिले, मग खिडकीतून टाकीकडे. हसली नाही. आम्ही आहोत तोवर त्या पाण्याला कोणी हात लावणार नव्हते हे तिला माहीत होते. आम्ही गेल्यावर काय झाले ते मला मागाहून कळले. दिवस कलायच्या आत घरोघरच्या बाया आल्या आणि आपापली घागर भरून घेऊन गेल्या. कोणी एक थेंब जास्त घेतला नाही. पाटल्या परत गेल्या.

सांगलीत बिल्ला हिरवा झाला. सगळे उभे राहिले. मी बसून राहिलो. सुभेदारसाहेबांनी विचारले, तब्येत बरी आहे का. मी म्हणालो, “विहीर कोरडी आहे. टँकर थांबवू नये असा ठराव मांडतो.”

“योजनेत बसत नाही,” ते म्हणाले. “पाणी पूर्ण झालं. पूर्ण झालेल्या कलमावर पुन्हा टँकर कसा दाखवायचा?”

“मग बिल्ला लाल करू.”

“मास्तर,” अण्णा समजुतीच्या स्वरात म्हणाले, “त्या गावाची मनं मोडतील हो. एवढं त्यांनी केलं, आणि आपण त्यांच्या नावावर लाल लावायचा? काही असलं तर पुढल्या फेरीत बघू.”

पुढली फेरी सगळ्या शाळा संपल्यावर यायची होती. माझा ठराव टिपणात आला नाही, कारण त्याला अनुमोदन मिळाले नाही. माना हलवणाऱ्यांनी त्या दिवशी मानासुद्धा हलवल्या नाहीत.

टँकर बंद झाला. मुली घागरी घेऊन गावच्या टँकरपुढे रांगेत उभ्या राहू लागल्या. सकाळची शाळा त्यात जाऊ लागली. गावातही कुरबुर सुरू झाली. पाहुण्यांच्या दिवशी घागर देणे वेगळे आणि रोज आपल्या रांगेत परकी पोरे उभी राहणे वेगळे. मुख्याध्यापकांची पत्रे येत. सुभेदारसाहेब ती वाचून म्हणत, “हा माणूस मनानं खचलाय.”

एका रविवारी मी स्वतःहून एसटीने तिकडे गेलो. मला तिथे काही करण्याचा अधिकार नव्हता. पोचलो तेव्हा वसतिगृहाच्या पडवीत बोचकी बांधून ठेवलेली होती. मेंढरांसोबत गेलेल्या बापांपैकी एक जण मुलींना न्यायला आला होता. मुख्याध्यापकांच्या पत्नी प्रत्येकीच्या बोचक्यात भाकरी आणि पाटी घालत होत्या. त्या माणसाने एक पाटी बाहेर काढून बाजूला ठेवली. “वजान व्हतं वैनी,” तो ओशाळून म्हणाला. “लांब चालायचं हाय.”

म्हातारबा फाटकाशी उकिडवे बसले होते. आज फेटा नव्हता. मला पाहून उठले नाहीत.

“मास्तर, एक इच्यारू?”

“विचारा.”

“आमी टाकी भरली म्हनून टँकर थांबला, आसं हेडमास्तर म्हंत्यात. खरं हाय?”

मी हो म्हणालो.

त्यांनी काडीने जमिनीवर एक रेघ ओढली. “मंग आमी काय कराया पायजे हुतं? आवं, येवढी मोटी मानसं जीप घिऊन आली. त्यास्नी कोरडा खड्डा दावायचा? आमाला जमलं आसतं व्हय? तुमाला जमलं आसतं?”

“बाबा, ते तेवढंच बघायला आले होते.”

“कोन जातंय कुनाची गरिबी बगाया!” ते म्हणाले. “पावना बगतोय ती इज्जत. आमाला काय ठावं, तुमच्यात उलटं आसतंय म्हनून.” मग आवाज खाली करून, “माझी नात बी त्यातच हाय. आटवीत. घरी ठिवावी तर आमालाच पानी पुरंना.”

मुली ओळीने निघाल्या. त्यांच्यात पाढा म्हणणारीही होती. म्हातारबांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला, कानडीत काही बोलले. ती थांबली नाही. मुख्याध्यापक शाळेच्या पायरीवर उभे होते. त्यांनी कोणालाही “परत या” म्हटले नाही. जाणाऱ्या विद्यार्थ्याला ते वाक्य न म्हणणारा शिक्षक मी तोवर पाहिला नव्हता.

वर्षअखेरीस त्यांना संस्थेचा आदर्श मुख्याध्यापक म्हणून गौरवण्यात आले. त्यांच्या शाळेचे पाण्याचे कलम दुष्काळी तालुक्यात सर्वांत आधी पूर्ण झाले होते. त्यांनी शाल अंगावर घेतली, नारळ घेतला, बोलायला सांगितले तेव्हा नमस्कार करून खाली बसले. वसतिगृहाचे काय झाले असे सभेत कोणी विचारले नाही. वसतिगृहाची इमारत जागच्या जागी होती, आणि फळ्यावर इमारतीचेच कलम होते.

पुढच्या उन्हाळ्यात मी कृष्णाकाठच्या एका गावी सोयरिकीच्या कामाला गेलो होतो. तोडणी झालेल्या उसाच्या रानात मेंढरे बसवली होती. लेंडीखतासाठी शेतकरी ती बसवून घेतात. पाटाला पाणी धो धो चालले होते. बांधावरून जाताना एक मुलगी काठी घेऊन कळपाच्या कडेला उभी दिसली. मी ओळखायच्या आधी तिनेच ओळखले.

“सर, तुमी टाकी बगाया आल्ता न्हवं?”

मी हो म्हणालो. काहीतरी बोलायचे म्हणून म्हटले, “इथं पाणी बरं आहे.”

“लय हाय,” ती म्हणाली. केस ओले होते, विंचरलेले होते. “रोज आंगूळ करत्ये.” मग, “सर, बोर्डिंग परत सुरू हुनार हाय का?”

तिच्या गावात त्या वर्षी पाऊस झाला होता. विहिरीत थोडे पाणीही आले होते, असे मी ऐकले होते. पण बंद पडलेले वसतिगृह सुरू करायचे तर आधी ते बंद पडले हे मंडळाला मान्य करावे लागले असते.

“नाही,” मी म्हणालो.

तिने मान डोलावली, जणू हिशेब जुळला. मागे एक कोकरू पाटात उतरले होते. त्याला हुसकायला ती वळली आणि पळत गेली.